पोच

१८ नोव्हेंबर २०१२. रविवार. मुंबईत शिवाजी पार्कवर बाळासाहेब ठाकरे यांचे अंत्यसंस्कार चालले होते आणि इकडे पालघर बंद होतं. एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. माणसं रोजच जातात, मग आजचा बंद आदरापोटी आहे की धाकापोटी, असा त्यांचा आशय. तिच्या मैत्रिणीने त्या ओळींना पसंती दिली. संध्याकाळपर्यंत एका स्थानिक शिवसेना पदाधिकाऱ्याची फिर्याद पोलीस ठाण्यात पोहोचली होती, बाहेर जमाव होता आणि मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली होती. भारतीय दंड संहितेचं कलम ५०५(२) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ लावून दुसऱ्या दिवशी, १९ नोव्हेंबरला, दोघींना अटक दाखवून न्यायालयापुढे उभं केलं गेलं. पंधरा-पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या. त्यांची नावं तेव्हा देशभर छापून आली होती. आता त्यांना त्यांचं आयुष्य जगू द्यावं, म्हणून इथे ती पुन्हा लिहीत नाही.

पोलीस ठाण्याची पायरी जे चढले आहेत त्यांना या हकिगतीत अटकेपेक्षाही एक गोष्ट चमत्कारिक वाटेल, ती म्हणजे वेग. काही तासांत फिर्याद लिहून झाली, कलमं ठरली, माणसं ठाण्यात आणून बसवली. एरवी मोबाईल चोरीची तक्रार द्यायला गेलेल्या माणसाला ठाणे अंमलदार ‘साहेब राउंडला गेलेत, बसा’ म्हणतो आणि तासाभराने ‘चोरी कशाला, गहाळ लिहा ना’ असा सल्ला देतो. त्या टेबलावर एकाच दिवशी दोन गती चालतात. बाहेर जमाव असेल तर एक, नसेल तर दुसरी.

पण आपला विषय त्यानंतरचे दिवस आहेत. पोलीस चुकले, हे सहसा कुणी मान्य करत नाही. पालघरच्या बाबतीत सरकारनेच ते मान्य केलं, तेही दहा दिवसांच्या आत. तेव्हाचे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहिलं, गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या खात्याने कोकण परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडून चौकशी करवली. अटक करायलाच नको होती, असं निष्पन्न झालं. २७ नोव्हेंबरला ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक रवींद्र सेनगावकर आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक श्रीकांत पिंगळे निलंबित झाले. (पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा.) ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मुलींना उभं केलं होतं, त्यांची मुंबई उच्च न्यायालयाने जळगावला बदली केली. आणि २८ तारखेला पालघर पुन्हा बंद! या वेळी बंदचं कारण होतं पोलिसांचं निलंबन. नागरिकांच्या चुकीच्या अटकेविरुद्ध नव्हे, तर ती करणाऱ्यांवरच्या कारवाईविरुद्ध गाव बंद ठेवलं जातं, हे दृश्य पोलीस प्रशासनाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात घालण्याच्या लायकीचं आहे.

पुढे गुन्हा बंद झाला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने दोघींना प्रत्येकी ५० हजार रुपये देण्याची शिफारस राज्य सरकारला केली. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने या अटकेनंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी कलम ६६-अ संपूर्णच रद्द केलं. तरी ठिकठिकाणची ठाणी ते रद्द झालेलं कलम लावतच राहिली. इतकी, की ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा एकदा देशभराच्या पोलिसांना ‘हे कलम लावू नका’ असं बजावावं लागलं.

म्हणजे पालघरमधून खात्यांतर्गत कारवाई निघाली, आयोगाची शिफारस निघाली, घटनापीठाच्या तोडीचा निकाल निघाला. निघाला नाही तो फक्त एक साधा दिवाणी दावा: ‘तुम्ही मला बेकायदा डांबलंत, माझं इतकं नुकसान झालं, ते भरून द्या.’ शेजाऱ्याच्या भिंतीची वीट आपल्या हद्दीत आली तर आपण दिवाणी न्यायालयात जातो. पोलिसाने रात्र कोठडीत काढायला लावली तर जात नाही. असं का, याची गोष्ट मेरठच्या एका मालखान्यापासून सुरू होते.

*

सप्टेंबर १९४७. फाळणीची धामधूम. अमृतसरचे एक सराफ सोनं-चांदी विकायला मेरठला उतरले. मध्यरात्री बाजारातून जाताना पोलिसांनी त्यांना हटकलं, झडती घेतली, १०३ तोळ्यांहून अधिक सोनं आणि दोन मणांवर चांदी जप्त करून त्यांना कोठडीत टाकलं. दुसऱ्या दिवशी ते सुटले, पुढे चांदीही परत मिळाली. सोनं मालखान्यात राहिलं. मालखान्याचा ताबा ज्याच्याकडे होता तो हेड कॉन्स्टेबल ते घेऊन ऑक्टोबरात पाकिस्तानात निघून गेला. जप्त माल कोषागारात जमा करण्याचे नियम होते, ते कुणी पाळले नव्हते.

सराफांच्या पेढीने सरकारवर दावा लावला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो पोहोचायला सतरा वर्षं गेली. निकाल लिहिला सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या माणसाने. त्यांनी पोलिसांचा हलगर्जीपणा स्पष्ट शब्दांत मान्य केला आणि दावा फेटाळला. कारण असं, की अटक करणं, झडती घेणं, माल जप्त करणं हे सार्वभौम सत्तेचं काम. त्यात नोकर चुकला तर धनी, म्हणजे सरकार, जबाबदार नाही. या तत्त्वाचं मूळ १८६१ च्या कलकत्त्यातल्या एका खटल्यात आहे. सरकारी गोदीतल्या कामगारांच्या हातून लोखंड पडलं, एका कंपनीचा घोडा बुजून जखमी झाला आणि न्यायालयाने कंपनी सरकारच्या व्यापारी कामांची व सार्वभौम कामांची फारकत केली. इंग्रजी अमलातला तो घोडा स्वतंत्र भारतातल्या सराफाचं सोनं घेऊन पळाला, असं म्हणायला हरकत नाही.

गजेंद्रगडकरांना स्वतःलाच हा निकाल पटलेला नव्हता, हे त्यांच्या लिखाणात दिसतं. कायदेमंडळाने यात लक्ष घालावं, असं त्यांनी निकालाच्या अखेरीस सुचवलं. खरं तर ते आधीच सुचवून झालं होतं. स्वतंत्र भारताच्या विधी आयोगाचा अगदी पहिला अहवाल, १९५६ चा, याच विषयावर आहे: नोकरांच्या चुकांची सरकारची जबाबदारी. साठच्या दशकात संसदेत विधेयकही मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही. आजही असा कायदा नाही.

दरवाजा उघडला तो वेगळ्याच बाजूने, आणि तोही एका मराठी सरन्यायाधीशाने. बिहारमधला रुदल शाह नावाचा कैदी निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं तुरुंगात सडत होता. १९८३ मध्ये यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने त्याची याचिका ऐकताना प्रथमच मूलभूत हक्कांच्या अधिकारक्षेत्रात पैशाची भरपाई दिली, ३५ हजार रुपये. मग ती वाट रुंदावत गेली. दिल्लीत पोलिसांच्या मारहाणीत नऊ वर्षांचा मुलगा दगावला, त्याच्या आईला ७५ हजार. ओडिशात चौकीत नेलेल्या तरुणाचं प्रेत दुसऱ्या दिवशी रुळांवर सापडलं, त्याच्या आईला, नीलाबती बेहेरांना, १९९३ मध्ये दीड लाख. महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण परभणीच्या ख्वाजा युनूसचं. घाटकोपर स्फोटाच्या तपासात २००२ च्या डिसेंबरात पकडलेला हा अभियंता जानेवारी २००३ नंतर कुणाला दिसला नाही. पोलीस म्हणत राहिले, तो पळून गेला. त्याच्या आईला मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये २० लाख रुपये मंजूर केले. पोलिसांवरचा फौजदारी खटला मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं रेंगाळत राहिला.

या सगळ्या रकमा रिट याचिकांतून मिळाल्या, दिवाणी दाव्यांतून नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जायचं, हक्क तुडवला गेला असं दाखवायचं. तिथे मेरठचा निकाल आडवा येत नाही. पण पालघर जिल्ह्यातल्या बोईसरच्या कामगाराला त्यासाठी मुंबईत, फोर्टात वकील उभा करावा लागतो आणि तथ्यांवर वाद झाला की न्यायालय म्हणू शकतं, साक्षीपुरावे दिवाणी न्यायालयात द्या.

आणि हे पैसे देतो कोण? इथे सोलापूरचा एक निकाल वाचण्यासारखा आहे. रविकांत पाटील नावाच्या कच्च्या कैद्याला पोलिसांनी बेड्या घालून भर रस्त्यातून फिरवलं. मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून दहा हजार रुपये भरपाई दिली आणि ती संबंधित निरीक्षकाने स्वतःच्या खिशातून द्यावी, असं सांगितलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली, खिसा मात्र बदलला: निरीक्षक अधिकारी म्हणून वागला, सबब पैसे राज्याने द्यावेत, त्याच्याविरुद्ध काय करायचं ते राज्याने रीतसर चौकशी करून ठरवावं. कायद्याच्या दृष्टीने यात चूक काढता येत नाही, कारण माणसाला ऐकून न घेता दंड करता येत नाही. पण परिणाम काय होतो, तर बेड्या घालणारा आणि बेड्या घातलेला, दोघंही करदाते म्हणून तीच भरपाई भरतात.

परदेशात तरी काय वेगळं आहे? इंग्लंडमध्ये शिपायाच्या चुकीसाठी त्या भागाचा मुख्य पोलीस अधिकारी कायद्यानेच जबाबदार धरला जातो, पैसे पोलीस निधीतून जातात. अमेरिकेत १८७१ पासूनचा एक कायदा नागरिकाला थेट अधिकाऱ्यावर दावा लावू देतो. तिथल्या न्यायालयांनी पुढे ‘पात्र संरक्षण’ नावाची ढाल अधिकाऱ्यांच्या हाती दिली. जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाला मिनियापोलिस शहराने २०२१ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलर दिले, तेही शहराच्या तिजोरीतूनच. फरक असा, की इतकी रक्कम गेली की नगरपालिकेत अंदाजपत्रकावर आरडाओरडा होतो. आपल्याकडची रक्कम कुठल्या लेखाशीर्षातून गेली हे कुणाला कळतही नाही.

*

आता पुन्हा पालघरला येऊ. समजा, त्या वेळी एखाद्या वकिलाने दिवाणी दावा लावायचं ठरवलं असतं. त्याच्या टेबलावर पहिलं पुस्तक उघडावं लागलं असतं ते महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं, आणि त्यातलं कलम १६१.

हे कलम फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. पोलीस अधिकाऱ्याने आपल्या कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराचं उल्लंघन करून काही गैर केलं असेल, तर त्याबद्दलचा दावा किंवा खटला सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. उशीर झाला तर तो फेटाळायचा. (सरकारची पूर्वमंजुरी घेऊन केलेल्या फौजदारी खटल्याला दोन वर्षं आहेत.) दाव्याआधी एक महिन्याची नोटीस संबंधित अधिकाऱ्याला द्यायची, हीही त्याच कलमातली अट. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस सरकारला. सर्वसाधारण मुदतीच्या कायद्यात बेकायदा डांबल्याच्या भरपाईला एक वर्ष मिळतं. पोलिसाच्या बाबतीत ते निम्म्यावर येतं.

तारखा लावून पाहा. अटक १९ नोव्हेंबर २०१२. सहा महिने संपतात मे २०१३ मध्ये. कलम ६६-अ रद्द झालं मार्च २०१५ मध्ये. म्हणजे अन्याय झाला, हे देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवण्याआधी जवळजवळ दोन वर्षं दाव्याचा दरवाजा बंद होऊन गेलेला.

त्यातही एक गंमत आहे, कडवट असली तरी. ‘कर्तव्याच्या नावाखाली’ म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयात साठच्या दशकात बरीच ओढाताण झाली. एका हेड कॉन्स्टेबलने खोटा पंचनामा केला. पंचनामा करणं हे त्याचं कामच, ते त्याने खोटेपणाने केलं, म्हणून सहा महिन्यांची ढाल त्याला मिळाली. हा १९६३ चा निकाल. दुसऱ्या प्रकरणात संशयितांना डांबून मारहाण झाली. मारणं हे कुठल्याच पोलिसाचं कर्तव्य नाही, त्यामुळे ढाल नाही. हा १९६६ चा, महाराष्ट्रातलाच निकाल. लाच घेण्यालाही ढाल नाही, असं त्याच वर्षी ठरलं. थोडक्यात, कानाखाली मारलेली थप्पड सहा महिन्यांनी शिळी होत नाही, पण रीतसर कागद करून केलेली चुकीची अटक होऊ शकते. ज्या अन्यायाला शाई लागली आहे तो लवकर वाळतो.

आणि जो दावा लावेल त्याला मागितलेल्या भरपाईच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, अधिकाऱ्याने सद्भावनेने काम केलं या बचावाला तोंड द्यावं लागतं, आणि ज्या गावात राहायचं त्याच गावच्या ठाण्याविरुद्ध साक्षीदार शोधावे लागतात. हे सगळं वाचल्यावर दिवाणी दावे का दिसत नाहीत, याचं कोडं उरत नाही.

जाता जाता एक आकडा. विनाकारण अटक करवणाऱ्या फिर्यादीकडून पीडिताला भरपाई देण्याची सोय जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५८ मध्ये होती. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कलम ३९९ म्हणून आहे. न्यायदंडाधिकारी जास्तीत जास्त किती भरपाई देऊ शकतात? एक हजार रुपये. संहितेचं नाव नवं झालं, हजार रुपये तेच राहिले.

*

दिवाणी दावा सोडला तर उरतं काय? निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. त्यांतला एक असा, की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला पोलिसांबाहेरचं प्राधिकरण असावं. महाराष्ट्राने त्यासाठी पोलीस अधिनियम दुरुस्त केला २०१४ मध्ये. प्राधिकरण प्रत्यक्ष कामाला लागलं २०१७ मध्ये. निर्देश ते टेबल-खुर्ची, अंतर अकरा वर्षांचं.

कलम २२-पी खालचं हे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण मुंबईत आहे. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. सदस्यांत निवृत्त पोलीस अधिकारी, निवृत्त सनदी अधिकारी, नागरी समाजातली एक व्यक्ती. सदस्य-सचिव मात्र अपर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी, आणि ‘बाहेरचं’ या शब्दाला इथे जरा ठेच लागते. प्राधिकरणाकडे कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार वा त्याचा प्रयत्न, विहित पद्धत न पाळता केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं आणि अधिकाराचा अन्य गंभीर गैरवापर यांच्या तक्रारी करता येतात. पीडित व्यक्ती किंवा तिचे कुटुंबीय जाऊ शकतात. विभागीय प्राधिकरणांचीही तरतूद कलम २२-एस मध्ये आहे. पालघर कोकण विभागात येतं. प्राधिकरण साक्षीदार बोलावू शकतं, कागदपत्रं मागवू शकतं. दोष दिसला तर अहवाल सरकारकडे जातो आणि तो खात्यांतर्गत कारवाईसाठी प्राथमिक चौकशीसारखा धरला जातो. सरकारला तो नाकारायचा तर कारणं लिहावी लागतात. ही ‘कारणं लिहावी लागतात’ अट क्षुल्लक वाटते, पण माझ्या मते सगळ्या रचनेतली तीच सर्वांत कामाची आहे. लिहिलेल्या कारणाला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. मौनाला देणं अवघड.

राज्य मानवी हक्क आयोग हा दुसरा रस्ता. तिथे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं आणि मिळते ती शिफारस.

राहिली खात्यांतर्गत कारवाई. लोकांचा सर्वांत जास्त भरवसा हिच्यावर आणि सर्वांत जास्त गैरसमजही हिच्याबद्दलच. ‘सस्पेंड केलं’ ही बातमी आली की प्रकरण संपलं, असं आपण धरतो. निलंबन ही शिक्षाच नाही. चौकशी होईस्तोवर बाजूला बसवणं आहे, निर्वाह भत्ता चालू असतो. पालघर प्रकरणात निलंबित झालेले अधीक्षक पुढे सेवेत परतले आणि मुंबई लोहमार्ग पोलिसांचे आयुक्तही झाले. यात बेकायदा काहीच नाही. फक्त निलंबनाच्या मथळ्याला निकाल समजू नये.

याच जिल्ह्यात खरी बडतर्फीही झाली आहे. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदीतली रात्र, डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचालकाला ठार केलं, पोलिसांच्या डोळ्यांसमोर. कासा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यासह तिघं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बडतर्फ झाले, इतर अनेकांच्या वेतनात कपात झाली. त्या रात्री जमावाने पोलिसांनाही जखमी केलं होतं, हे विसरता येत नाही. मूठभर शिपाई आणि समोर शेकडो माणसं. तरीही प्रश्न उरतोच. पालघरला जमावाच्या दबावाखाली पोलिसांनी नको ते केलं, गडचिंचल्याला हवं ते केलं नाही. दोन्ही वेळी कारवाई झाली कारण देश बघत होता. पहिल्या वेळी छायाचित्रं होती, दुसऱ्या वेळी मोबाईलवरची चित्रफीत.

देश बघत नसतो तेव्हा काय होतं, ते याच जिल्ह्यातल्या तारापूर एमआयडीसीत कळतं. इथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसं ठेकेदाराच्या हाताखाली बारा-बारा तास काम करतात, सालवड, पास्थळ, सरावलीच्या चाळींत एकेका खोलीत सहा-सात जण राहतात. कंपनीत चोरी झाली की आधी हेच उचलले जातात. रात्रभर ‘चौकशीला’ बसवतात, अटक दाखवत नाहीत, सकाळी सोडतात. स्टेशन डायरीत नोंद नसते, म्हणजे कागदावर ती रात्र झालेलीच नसते. आज सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं, ही पद्धत आहे. पण नोटीस मराठीत येते आणि वाचणाऱ्याला भोजपुरी कळते. तक्रार करायला मग कुणी थांबत नाही. ठेकेदार म्हणतो, गावाला जाऊन ये महिनाभर. सहा महिन्यांच्या घड्याळातला पहिला महिना असा जातो.

अशा माणसासोबत कुणी जाणार असेल, तर त्याच्यासाठी एवढं. अर्ज लांबलचक लिहू नका. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठून नेलं, कुणी नेलं (नाव माहीत नसेल तर छातीवरच्या पट्टीवरचं नाव, गाडीचा क्रमांक), किती वाजता सोडलं. मार असेल तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जाऊन केसपेपर काढा आणि डॉक्टरांना जखमेचं कारण लिहायला सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही असायला हवा आणि चित्रण शक्यतो अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपायला हवं. त्याची मागणी त्याच अर्जात करा. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्या, टपालाने दिलं तरी चालतं. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

आणि अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा. एका सरकारी कार्यालयाच्या बारनिशीच्या खिडकीत मी स्वतः एकदा पाऊण तास उभा होतो. आतल्या बाईंनी अर्ज घेतला, ट्रेमध्ये टाकला, ‘झालं, या’ म्हणाल्या. मी दुसरी प्रत पुढे सरकवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शिक्क्याची तारीख तपासली. ती तीन दिवसांपूर्वीची होती. त्यांनी चाकं फिरवून आजची केली, पॅडवर दाबली, माझ्या प्रतीवर उमटवली आणि खाली लपेटदार सही केली. तो अर्ज पुढे कुणी वाचला की नाही, मला कळलं नाही. पण आठ महिन्यांनी ‘तुमचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही’ असं उत्तर आलं, तेव्हा तो शिक्का माझ्या फायलीत होता.

सहा महिने घटनेच्या दिवसापासून मोजले जातात. अर्ज देऊन झाल्यावर खिडकीतून लगेच वळू नका. पोच घ्या, आणि तिच्यावरची तारीख वाचून बघा.